'बस' आणि 'बसा'

सोलापुरात माणसं नाना उद्योगांवर जगतात. कोणी सूत रंगवतो, कोणी चादरी विणतो, कोणी भांडणं लावतो आणि कोणी ती मिटवून देतो म्हणून दोन्हीकडचा चहा पितो. ज्ञानबाचा उद्योग यातला कुठलाच नव्हता. ज्ञानबा बसायचा.

बसणं हा काय उद्योग झाला, असं ज्याला वाटेल त्यानं सन तेहतीस-चौतीसच्या सुमारास कुंभारवेशीबाहेरच्या टॅक्सी-अड्ड्यावर दुपारी येऊन बघायला हवं होतं. टॅक्सी भरली की सुटणार, हा अड्ड्याचा कायदा. आणि रिकाम्या टॅक्सीत पहिलं कोणी चढणार नाही, हा माणसाचा स्वभाव. जो पहिला चढला तो सगळ्यांत जास्त वेळ टपाखाली उकडणार, हे वळसंगच्या शेळीलासुद्धा ठाऊक होतं. म्हणून वळसंगला जाणाऱ्या बाळासोच्या टॅक्सीत, फेरीमागं चार पैसे घेऊन, पहिला ज्ञानबा बसे.

देवानं त्याला त्यासाठीच घडवला होता. थोराड बांधा, पिळदार मिशा, डोक्याला तांबडा पटका आणि मांडीवर गाठोडं. गाठोड्यात पोत्याच्या चिंध्या होत्या. पण तो ते असं कवटाळून बसे की आत लेकीच्या लग्नाचे डागदागिने आहेत असं वाटावं. बाजाराला आलेलं एखादं बिऱ्हाड घुटमळताना दिसलं की तो आतून ओरडे, "चला की ओ डायवर! तिकडं म्हातारी घरघर लागून पडलीया, आन् तुमचं आपलं अजून एक शीट, अजून एक शीट!"

म्हातारी ऐकली की माणसं भराभरा चढत. दया वाटून नव्हे. गाडी आता सुटणार, एवढंच त्यांना त्यातून कळे. पाच जणांच्या गाडीत नऊ जण कोंबले गेले, बाळासोनं पुढं जाऊन हँडल मारलं, इंजिन धडधडायला लागलं, की ज्ञानबा कपाळावर हात मारी. "आरारारा! चिलीम इसरली की हाटेलात!"

तो उतरे. त्याच्या जागेवर खरं शीट बसे. गाडी धुरळा उडवीत निघून जाई. आणि मरायला टेकलेल्या आईला चिलमीपायी सोडणाऱ्या या लेकाकडं एकही माणूस मागं वळून बघत नसे. कित्येक वर्षं ज्ञानबा असा रोज उठून वळसंगला निघत होता. वळसंग त्यानं पाहिलेलं नव्हतं.

तो मूळचा केमचा. गिरणीत काम मिळालं म्हणून रेल्वेनं सोलापुरात आला आणि मागावर उभा राहिला. दिवसभर उभं राहून त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. एके दिवशी मुकादम म्हणाला, "बसायचं आसंल तर गिरणीत कशाला येतोस?" ज्ञानबानं हा प्रश्न मनावर घेतला. तेव्हापासून अड्ड्यावर त्याला 'बैठे पाटील' म्हणत. पाटीलकी त्याच्या घराण्यात कोणाला स्वप्नातही मिळाली नव्हती. त्याची बायको तानाबाई नळावर विचारणाऱ्या बायकांना सांगे, "आमचे हे मोटारीत असत्यात," आणि ते शंभर टक्के खरं होतं.

या धंद्यानं ज्ञानबाला एक गोष्ट दिली, ती म्हणजे माणसाची शिसारी. इतक्या जवळून इतकी माणसं बघितल्यावर दुसरं काय होणार? एकजण दुसऱ्याच्या मांडीवर बोचकं ठेवी, तिसरा चौथ्याच्या पाठीला पानाचे हात पुसे, आणि सावलीची बाजू मिळावी म्हणून सख्खे भाऊ एकमेकांना कोपरानं ढोसत. "माणूस न्हाय त्यो," ज्ञानबा म्हणे, "शीट हाय. माणूस पायदानावर उतरून ठिवतो आन् मग आत येतो." एवढं बोलून तो पचकन थुंकत असे. एक बाळासो तेवढा त्याला बरा वाटे. कारण बाळासो त्याला 'तात्या' म्हणायचा आणि स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडून द्यायचा.

तर या अड्ड्यावर एक दिवस 'लोकसोय मोटार मंडळी'ची गाडी येऊन उभी राहिली. मंडळी म्हणजे एकटे मानसिंगराव. त्यांची जमीन मोठी, कोट मोठा, आणि खेड्यापाड्यांतल्या गोरगरिबांचा कळवळा तर इतका मोठा, की तो एकट्याच्या पैशानं पुरवणं त्यांना शक्यच नव्हतं. म्हणून लोकांच्या सोयीसाठी वळसंगची गाडी चालवणाऱ्याला वरून सालिना मदत मंजूर झाली, ती त्यांनी मोठ्या मनानं घेतली. सरकारी मदत खिशात असल्यावर भाडं निम्मं करायला काय जातं? त्यांनी निम्मं केलं.

आता गाडीवर ती काय आहे हे ठळक लिहावं, अशी मदतीची एक अट होती. तोवर लोक कशालाही 'मोटार' म्हणत. फार शिकलेला असला तर 'सर्व्हिस'. पण मंजुरीत 'बस' असा शब्द होता, म्हणून रंगाऱ्यानं दोन्ही अंगांवर हातभर उंचीची दोनच अक्षरं काढली: बस.

पहिल्याच दिवशी वळसंगचे गुरप्पा तूरवाले तिथं आले. कपाळाला भस्म, खांद्यावर पांढरं उपरणं, चालणं असं की रस्त्यानंच बाजूला व्हावं. घरात कानडी, बाजारात मराठी आणि तोऱ्यात दोन्ही. त्यांनी पायदानावर एक पाय ठेवला, ती अक्षरं वाचली आणि पाय मागं घेतला.

"एनप्पा," ते कंडक्टरला म्हणाले, "माझा मुलगा मला 'बस' म्हणत नाही. सून म्हणत नाही. हा पत्र्याचा खोका मला 'बस' म्हणतो?"

कंडक्टर म्हणाला, "अण्णा, ते गाडीचं नाव हाय."

"नाव असलं तर 'बसप्पा' लिव्ह! नमस्कार करून बसतो. 'बस' काय? मी काय कुत्रा आहे?"

अड्डाभर हशा पिकला. पण तो हशा संपला आणि लोकांनी ती अक्षरं पुन्हा वाचली, तेव्हा चेहरे जरा बदलले. शाळेच्या मास्तरांनी तर तिथल्या तिथं व्याकरण चालवलं: "बस. क्रियापद. आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन." एकवचन म्हटल्यावर वळसंगची प्रतिष्ठित मंडळी खवळली. निम्म्या भाड्यात अपमान फुकट, हे त्यांना पटेना.

बाळासो फार शिकलेला नव्हता, पण त्याला काना कुठं द्यायचा हे कळत होतं. त्यानं त्याच संध्याकाळी पांढरा रंग आणला आणि टॅक्सीच्या दारावर लिहिलं: बसा.

त्या एका कान्यानं बाळासोचे काही आठवडे सोन्याचे गेले. उपरणंवाले, पागोटंवाले, गंधवाले, ज्यांना ज्यांना आपल्याला कोणी अहो-जाहो करावं असं वाटे ते सगळे टॅक्सीकडं येत. दार उघडण्यापूर्वी ते शब्दाकडं बघत आणि मान किंचित झुकवत. ज्ञानबा आतून म्हणे, "या, या. बसा. गाडीच म्हणतीया, मी कोण सांगणार?" त्या दिवसांत गुरप्पा त्याच्या शेजारी बसून त्याला पानाची चंची पुढं करीत आणि म्हणत, "पाटील, मान गेला की माणसात काय उरलं?" ज्ञानबा मान हलवी. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला शिटांमध्ये माणूस दिसायला लागला होता. ही त्याची चूक होती.

कारण मानसिंगरावांनी भाडं आणखी उतरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानबा टॅक्सीत गाठोडं सावरून बसला होता. समोरून गुरप्पा आले. ज्ञानबानं सरकून जागा केली. गुरप्पा टॅक्सीपाशी आले, टॅक्सीला वळसा घातला आणि उपरणं वर धरून बसमध्ये चढले.

ज्ञानबानं टपाबाहेर डोकं काढलं. "ओ अण्णा! गाडी 'बस' म्हणतीया न्हवं?"

गुरप्पा खिडकीतून म्हणाले, "म्हणू दे रे. म्हातारपणी अक्षर कुठं दिसतं?"

"आन् मान?"

"मान घरी आहे. तो रोज बाजारात कशाला आणायचा?"

सगळी बस हसली. कालपर्यंत 'बसा' या शब्दापुढं मान लववणारे सगळे तिच्यात होते. ज्ञानबा थुंकला, पण तोंड कोरडं पडलं होतं. थुंकी हनुवटीवरच आली.

पुढचं सगळं चिखलातल्या चाकासारखं होत गेलं. अड्ड्यावरच्या इतर टॅक्सीवाल्यांनी एकामागून एक गाड्या विकल्या. त्यांच्या टॅक्स्यांतही ज्ञानबासारखे बसणारे होते. ते आता हॉटेलच्या ओट्यावर फुकट बसू लागले. टॅक्स्या गेल्यावर बसला घाई उरली नाही. मदत साऱ्या वर्षाची ठरलेली. बस धावली काय, पिंपळाखाली झोपली काय, ती येणारच. सकाळची फेरी कधी ड्रायव्हरच्या अंघोळीसाठी चुके, दुपारची कंडक्टरच्या वामकुक्षीसाठी. पोरं बसच्या चाकांना मुतायची, शेजारच्या हॉटेलवाल्यानं तिच्या मागच्या बाजूला खरकटं टाकायला सुरुवात केली, आणि आत सीटवर कोंबड्या अंडी घालीत. वळसंगची माणसं तासन् तास फाट्यावर वाट बघत आणि शेवटी चालत येत. पण टॅक्सीत? छे! बाळासोनं भाडं सांगितलं की त्यांच्या तोंडावर कडू औषध प्यायल्यासारखा भाव येई. "बसच्या भाड्यात नेतो का बोल." जी बस धावत नव्हती तिचं भाडं मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मग बाळासोनं वर तक्रार केली आणि बातमी आली की मदत पुढं चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला साहेब स्वतः अड्ड्यावर येणार. बस लोकांच्या उपयोगी पडते का, हे आपल्या डोळ्यांनी बघणार.

"तात्या," बाळासो भाकरी मोडताना म्हणाला, "मदत बंद झाली तर आपलं चाक फिरंल. न्हाय तर मी गाडी इकतो. करमाळ्याचा एक आडत्या मागं लागलाय. टप काढून पेंड वाहणार म्हनं."

"आन् दारावरचं ते 'बसा'?"

"म्यां इचारलं. म्हनला, ऱ्हाऊ दे. पोत्यास्नी म्हनंल."

ज्ञानबाला हसू आलं नाही. "मोकळी गाडी दिसल्यावर साहेब काय आंधळा हाय व्हय? बंद करंल मदत," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मानसिंगरावांचा दिवाणजी नागप्पा ज्ञानबाला हॉटेलात घेऊन गेला. न मागता भज्यांची बशी पुढं आली.

"काय बैठे पाटील! उद्या आमच्यात बसायचं."

"म्या बाळासोचा माणूस हाय."

"बाळासोच्या गाडीत बसून कोण येतंय रे आता? रिकाम्या देवळातल्या नंदीसारखा दिसतोस तू." नागप्पानं बशी आणखी पुढं सारली. "एक सकाळ बस. साहेबाला भरलेली गाडी दिसली पाहिजे. ओट्यावरची तुझी सगळी बसणारी मंडळी घेऊन ये. साहेब बघंल, रावांच्या घरी जेवायला जाईल, तुमी उतरा. झालं. आणि पुढं कंपनीत तुझं काहीतरी बघू. कायमचं बसशील."

ज्ञानबानं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यात भजं गेलं. भजी कालच्या तेलातली होती. घशाला खवट चव चिकटली. त्यानं बशी संपवली. नागप्पानं त्याच्या मुठीत जे कोंबलं तेही त्यानं कमरेला लावलं. घरी जाऊन तो तानाबाईच्या भाकरीला शिवला नाही. "पोट बिघाडलंय," म्हणाला. पोट चांगलं होतं. त्याला आपल्याच हाताचा तेलकट वास येत होता आणि राखेनं घासूनही तो जात नव्हता.

सकाळी बस धुऊन काढली होती. कोंबड्या हाकलल्या होत्या, टपाला झेंडूच्या माळा होत्या. आणि आत, खिडकीपासून खिडकीपर्यंत, सोलापुरातले निवडक बसणारे बसले होते. असं बसणं पुन्हा व्हायचं नाही. प्रत्येकाच्या मांडीवर गाठोडं, प्रत्येकाच्या कपाळावर घाई. एकाला लग्नाला उशीर होत होता, एकाची कोर्टात तारीख होती, आणि मरायला टेकलेल्या म्हाताऱ्या तर मोजून घ्याव्यात इतक्या. रस्त्यापलीकडं बाळासोची टॅक्सी उभी होती. बाळासो दाराला टेकून बसमध्ये बघत होता. तांबडा पटका त्याला दिसणार नाही असं शक्यच नव्हतं. ज्ञानबानं गाठोडं तोंडापुढं धरलं.

साहेब आले. हॅट, छडी, घामानं भिजलेला गळपट्टा. मानसिंगरावांनी हार घातला, नागप्पानं गुलाबपाणी शिंपडलं, त्यातलं निम्मं साहेबांच्या डोळ्यांत गेलं. साहेबांनी डोळे चोळत खिडकीतून आत बघितलं आणि नेमकं ज्ञानबालाच विचारलं, "कुठं चाललात?"

"वळसंगला, सायेब."

"नेहमी जाता?"

"रोज निघतो," ज्ञानबा म्हणाला. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"वा! वा!" साहेब खूष झाले. इतके खूष झाले की कोणाच्या ध्यानीमनी नसलेलं बोलले: "चला, मीही येतो वळसंगपर्यंत. सुरू करा गाडी."

मानसिंगरावांचा चेहरा हारातल्या झेंडूसारखा पिवळा झाला. नागप्पा ड्रायव्हरकडं बघू लागला, ड्रायव्हर आभाळाकडं. पण साहेबांचा हुकूम. ड्रायव्हरनं हँडल मारलं. इंजिन खोकलं, धडधडलं, सगळी गाडी थरथरली.

आणि तिथंच घात झाला. भरलेली गाडी आणि धडधडणारं इंजिन, या दोन गोष्टी एकत्र झाल्या की काय करायचं, हे त्या बसमधल्या प्रत्येकाच्या हाडात गेलं होतं. पुढच्या बाकावरच्यानं कपाळावर हात मारला. "आरं तिच्या! छत्री इसरली!" तो उतरला. त्याच्या मागचा म्हणाला, "माझा बैल सुटा हाय की!" तोही उतरला. "कुलूप लावलंच न्हाय!" "तंबाकूची पुडी!" "चष्मा!" ज्याला 'चष्मा' आठवला त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. दोन्ही दारांनी माणसं कोसळत होती, आणि साहेब पायदानावर एक पाय ठेवून वाट देत उभे होते.

ज्ञानबाचा हात आपोआप वर गेला. तो त्यानं अर्ध्यात धरला. पण मागून लोंढा आला, पाय उचलले गेले, आणि तोंडातून ते निघालंच: "आरारारा! चिलीम..."

तो उतरला तो थेट रस्त्याच्या मधोमध, बाळासोच्या समोर.

बाळासो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "घावली का चिलीम, तात्या?"

मागं बस मोकळी झाली होती. आता मदत गेली, असं ज्ञानबाला वाटलं, आणि त्या घाणीतही त्याचा जीव क्षणभर वर आला. त्यानं कान टवकारले.

"ही सगळी माणसं उतरली का?" साहेब विचारत होते.

"सोय, साहेब!" नागप्पा हात जोडून म्हणाला. "पूर्वी काही विसरलं तर टॅक्सीवाला थांबत नसे. आता गोरगरीब माणूस बिनधास्त उतरू शकतो. बस त्याचीच आहे."

साहेबांनी कोंबडीचं एक पीस बाहीवरून झटकलं आणि थोडा विचार केला. उन्हाचा ताप वाढला होता; रावांच्या वाड्यावरून तुपाचा वास येत होता. "चढतात पुष्कळ, उतरतात पुष्कळ," ते म्हणाले. "म्हणजे लोक फारच उपयोग करतात. ही गाडी अपुरी पडत असेल."

"फार अपुरी, साहेब," मानसिंगराव गहिवरून म्हणाले.

मंडळी जेवायला गेली. मदत चालू राहिली. वर आणखी एका बसची मंजूर झाली. पण ते पुढं. त्या क्षणी अड्ड्यावर मागं राहिली ती रिकामी बस, तुडवलेले झेंडू, आणि ओट्यावर परत जाऊन बसलेली ती सगळी मंडळी. साहेबाला कसं बनवलं हे ती एकमेकांना टाळ्या देत सांगत होती. ज्ञानबा गटारीच्या कडेला गेला आणि कालची भजी ओकला.

मग तोंड पुसून तो टॅक्सीपाशी आला. बाळासो काच पुसत होता. उद्या करमाळ्याला न्यायची म्हणून. ज्ञानबानं कमरेचं होतं नव्हतं ते काढून त्याच्या हातावर ठेवलं, दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसला. गाठोडं त्यानं रस्त्यावरच टाकलं.

"हे काय?"

"वळसंगचं भाडं."

"येकट्यासाठी गाडी काढू?"

"काढ. खरं शीट हाय. उतरणार न्हाय."

बाळासोनं फडकं खांद्यावर टाकलं. मग पुढं जाऊन त्यानं हँडल मारलं. इंजिन धडधडलं. ज्ञानबाच्या हाताला झटका आला. त्यानं तो मांडीखाली दाबून धरला. टॅक्सी वेशीवरून निघाली तेव्हा ओट्यावरचं कोणीतरी ओरडलं, "पाटील, चिलीम!" त्यानं मागं बघितलं नाही.

करडईची पिवळी रानं गेली, मेंढरांचा एक कळप गेला, आणि वळसंग आलं. वळसंग म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या नावानं त्यानं आई मारली ते गाव: चार लिंबं, एक आड, आडापाशी शेणाचा ढीग आणि त्यावर माशा. "हेच?" ज्ञानबानं विचारलं. "हेच," बाळासो म्हणाला.

लिंबाखालच्या दगडावर गुरप्पा बसले होते. उपरणं घामानं अंगाला चिकटलेलं, भस्म ओघळून भुवईत आलेलं. टॅक्सी दिसताच ते उठले.

"बाळासो! देवासारखा आलास. सकाळपासून वाट बघतो. सोलापूर?"

बाळासोचा हात सवयीनं दाराकडं गेला. "बसा, अण्णा."

गुरप्पांनी पाय उचलला आणि तसाच धरला. "बसच्या भाड्यात ना रे?"

बाळासो थकला होता. हो म्हणाला असता. ज्ञानबानं आतून दाराची कडी घट्ट धरली. म्हाताऱ्याच्या तोंडाकडं, ओठांच्या कोपऱ्यात साचलेल्या पानाच्या लाल लाळेकडं त्यानं नीट बघून घेतलं. त्या दगडाकडं बोट केलं आणि आजवर ज्याला अण्णाशिवाय हाक मारली नव्हती त्याला तो एकच शब्द बोलला:

"बस!"

गुरप्पांचा चेहरा उजळला. ते गर्रकन वळले, टाचा उंचावल्या आणि सोलापूरच्या रस्त्याकडं बघू लागले.

"आली? कुठं? कुठं रे?"

बाळासोनं गाडी वळवली. धुरळा खाली बसेपर्यंत म्हातारा कपाळाशी हात धरून तिकडंच बघत उभा होता.